अनुभवाचा दाखला आणि चौथे शील

रविवारची वंदना आटोपून विहाराबाहेर चपला शोधत होतो, तेव्हा एक मुलगी माझ्यासाठी थांबलेली दिसली. ती माझी जुनी विद्यार्थिनी. मला कायम नोकरी नव्हती त्या काळात मी आमच्या भागातल्या आठवी ते दहावीच्या मुलांची शिकवणी घेत असे, त्या वर्गात ती होती. २०२२ साली ती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. घरातली पहिलीच पदवीधर. तेव्हापासून ती औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या फाटकांवर बायोडाटा देत फिरते आहे. तिने आडपडदा न ठेवता विचारले, "सर, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मी एक वर्ष काम केलं असं लिहून द्याल का? प्रयोगशाळा तुमच्याकडेच आहे. मुख्याध्यापक तुमच्या शब्दावर सही करतील."

दहा मिनिटांपूर्वी आम्ही दोघांनी एकाच सभागृहात बसून पंचशील ग्रहण केले होते. त्यातले चौथे शील असत्य भाषणापासून अलिप्त राहण्याचे आहे. हे तिला कळत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. पालि गाथा ती माझ्यापेक्षा शुद्ध म्हणते. मीही तिला तेथल्या तेथे "हे शीलाविरुद्ध आहे" असे सांगू शकलो नाही. त्याचे कारण असे की नोकरी शोधताना मी स्वतः खोटे बोललेलो आहे. "विचार करून सांगतो" एवढेच म्हणून मी घरी आलो. तो विचार वाचकांपुढे ठेवीत आहे, कारण असला दाखला मागणारी ती एकटी नाही आणि तो देणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. देणारा बहुधा दयेपोटीच देतो.

असा दाखला लागतो तरी कशाला, हे आधी पाहू. जाहिरातीत असते, 'केमिस्ट पाहिजे, बी.एस्सी., दोन वर्षांचा अनुभव.' नव्या केमिस्टला पहिल्या वर्षी काम काय देतात? प्लांटमधून नमुना आणणे, ब्युरेट भरून टायट्रेशन करणे, पीएच पाहणे, वितळणबिंदू घेणे आणि आलेला आकडा नोंदवहीत लिहून खाली सही करणे. टायट्रेशन बी.एस्सी.च्या मुलाने तीन वर्षे केलेले असते. एचपीएलसीसारखी यंत्रे मात्र आमच्यापैकी पुष्कळांनी पुस्तकातल्या आकृतीतच पाहिलेली असतात, हेही कबूल केले पाहिजे. पण ती यंत्रे कारखान्यातच शिकायची असतात. म्हणजे जे काम आत गेल्यावर शिकता येते, तेच बाहेर शिकून या, असे फाटकावर सांगतात. ज्याचा मामा आत सुपरवायझर आहे त्याला ही अट आडवी येत नाही. पहिल्या पिढीच्या पदवीधरालाही मामा असतो, पण तो आत नसतो. तो फाटकाबाहेर कंत्राटदाराच्या रांगेत असतो.

मी २००९ साली पदवीधर झालो. आमचे गाव महाड तालुक्यात. ज्या चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांनी आपल्या माणसांना पाणी प्यायला लावले, त्याच्यापासून काही किलोमीटरवर रसायनांचे कारखाने उभे आहेत. माझ्या बायोडाटावर पत्ता होता तो 'बौद्धवाडी'चा. कोकणात वाडीच्या नावावरून माणूस कळतो. एका मित्राने झेरॉक्सच्या दुकानातच सल्ला दिला, "वाडी काढून टाक. नुसतं गाव लिही. पत्र आलं तर पोस्टमन आणून देईलच." मी काढून टाकले. हे माझे पहिले असत्य, किंवा अर्धे असत्य म्हणा. (पुढे डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मी दुकानात उभा राहून जे चोरून केले ते शासनाने उघड केले, असे मला हसू आले.) पत्र काही आले नाही.

चौदा महिने असे गेले. वडील काही बोलत नसत. आई बोलत नसे, पण जेवताना ताटात वाढलेल्या भाकरीकडे पाहणे मला जड जाऊ लागले. सुशिक्षित बेकार म्हणजे काय हे ज्याने भोगले नाही त्याला सांगून कळत नाही. वाडीत लग्न निघाले की मी मुंबईला मुलाखत आहे म्हणून निघून जात असे, मुलाखत नसे.

अखेर एका कंत्राटदाराच्या रांगेत उभा राहिलो. हेल्परची जागा होती. पदवीधर नको असे तेथे आधीच कळले होते. त्याने विचारले, "शिक्षण?" मी म्हणालो, "बारावी. आर्ट्स." माझ्यामागे कातकरीवाडीचा एक मुलगा होता, नववीतून शाळा सुटलेला. कंत्राटदाराने पिंपावरचे लेबल दाखवून विचारले, "हे वाचता येतं?" मला आले. त्याला आले नाही. जागा एकच होती. त्याला "पुढच्या महिन्यात बघू" असे सांगितले.

त्या वेळी माझ्या मनाने फार सोपा हिशेब केला. मी स्वतःला आहे त्याहून मोठा सांगितले नाही, लहान सांगितले. यात कोणाचे काय गेले? कोणी आपली पदवी लपविली तर तो स्वतःचाच तोटा करून घेतो; त्याला खोटेपणा कसा म्हणावा? हा हिशेब मी पुष्कळ वर्षे बरोबर धरीत होतो. कातकरीवाडीचा तो मुलगा माझ्या हिशेबात कोठेच नव्हता.

कामाला लागून आठ महिने झाले असतील. रात्रपाळी होती. सोडियम सल्फाइडची एक गोणी फाटून पापुद्रे जमिनीवर, गटारापर्यंत सांडले. मुकादमाने जागा धुवायला सांगितली. एक हेल्पर फरशीवरचे डाग काढण्यासाठी ठेवलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा कारबॉय घेऊन आला. सल्फाइडवर आम्ल पडले की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. थोडा असेल तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असेल तर तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, आणि वास येईनासा झाला म्हणून धोका टळला असे वाटत असताना माणूस कोसळतो. हे मला ठाऊक होते. शब्द घशापर्यंत आले आणि तेथेच अडकले. कारण मी बारावी आर्ट्स होतो. मला हे कसे ठाऊक, असे कोणी विचारले तर?

मग मी ओरडलो. थोडे आम्ल पडले, वास आला, आम्ही सगळे बाहेर पळालो. कोणाला काही झाले नाही. पण मी गप्प राहिलो तो वेळ किती होता, ते मला माहीत आहे. मी तो अजून मोजतो. पाळीप्रमुखाने दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा मी खरे सांगितले. तिसऱ्या दिवशी कंत्राटदाराने उद्यापासून येऊ नको म्हटले. तो रागावलेला नव्हता. म्हणाला, "शिकलेला माणूस टिकत नाही रे. आणि टिकला तर हिशेब मागतो."

मज्झिमनिकायात तथागतांनी राहुलाला केलेला उपदेश आहे. आरसा कशासाठी असतो, असे ते त्याला विचारतात; पाहण्यासाठी, असे तो म्हणतो. त्याप्रमाणे कृती करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यावरही ती पाहावी, तिने आपणास किंवा दुसऱ्यास पीडा होते काय हे तपासावे, असे ते सांगतात. हा उपदेश सुरू होतो तो खोटे बोलण्याच्या विषयावरून. मी कृतीपूर्वी आरशात पाहिले होते खरे, पण त्यात फक्त मीच दिसत होतो.

येथे माझ्या वडिलांची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आजोबा मुंबईला गिरणीत होते. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी ज्या लाखो लोकांनी दीक्षा घेतली त्यांत ते होते. वडील दहावी झाले आणि १९८४ साली त्यांनी रेल्वेत खलाशाच्या जागेसाठी अर्ज भरला. महाराष्ट्र शासनाने बौद्धांच्या सवलती चालू ठेवल्या होत्या, परंतु केंद्राच्या नोकऱ्यांत धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाल्यावर मिळाल्या. तोपर्यंत केंद्राचा अर्ज भरणाऱ्या प्रत्येक तरुणापुढे तो एक रकाना असे. 'हिंदू-महार' लिहिले तर सवलत, 'बौद्ध' लिहिले तर नाही. वडिलांनी 'बौद्ध' लिहिले. पुढे जन्मभर गवंड्याच्या हाताखाली काम केले. याचा त्यांनी कधी अभिमान सांगितला नाही. विचारले तर एवढेच म्हणत, "ते लिहायला हात झाला नाही."

त्यांच्या चुलतभावाने त्याच वर्षी दुसरा शब्द लिहिला. ते रेल्वेत लागले. मुले शिकली, घर झाले. आणि आमच्या वाडीच्या विहाराला जोत्यासाठी पहिली रक्कम दिली ती त्याच काकांनी. लहानपणी मला वाटे, वडील मोठे आणि काका लहान. आज तसे म्हणवत नाही. काकांच्या हाताने जे खोटे लिहिले गेले त्याचा मजकूर कायद्याने आधीच तयार करून ठेवला होता. जो माणूस धर्म बदलूनही शिवाशिवीतून सुटला नव्हता, त्याला धर्म बदललास म्हणजे तू सुटलास असे कायदा म्हणत होता. आधी खोटे कोण बोलले?

असा प्रश्न विचारला की कोणी तरी बाबासाहेबांचे उदाहरण देतोच. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीवर गेले. तीही एका अर्थी उच्च पदवीनंतरची त्यांची पहिली नोकरीच. राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नावाने राहिले. कचेरीत शिपाई लांबून कागद टाकीत. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन पारशी मंडळी आली आणि त्यांना बाहेर पडावे लागले. तेव्हा, बाबासाहेबांनीही नाव लपविले, मग आम्ही दाखला बनविला तर काय बिघडले, असे हे बंधू विचारतात.

बिघडते, असे मला वाटते, आणि फरक कोठे आहे तो पाहिला पाहिजे. ती धर्मशाळा ओस पडलेली होती. बाबासाहेबांनी कोणाची खोली घेतली नाही. दुसरा कोणी पाहुणा त्यांच्यामुळे रस्त्यावर राहिला नाही. शिवाय ही हकीकत आपल्याला कोणी शत्रूने शोधून सांगितलेली नाही, बाबासाहेबांनी ती स्वतःच्या हाताने लिहून ठेवली, आणि त्या नावाखाली राहताना मनाला काय होत होते तेही लिहिले. खोट्या अनुभवाचा दाखला लावून नोकरीस लागलेला माणूस ती गोष्ट निवृत्त होईपर्यंत कोणाला सांगू शकतो काय?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेची चर्चा केली आहे. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत बुद्धाने फरक केला, आणि अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे, असे ते दाखवून देतात. नियम नुसता पाळायचा किंवा मोडायचा असतो. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळे ठेवते. यावरून आपल्यातले काही सुशिक्षित असा अर्थ काढतात की चौथे शीलही तत्त्वच, तेव्हा गरज असेल तर खोटे चालेल. मला हा अर्थ उलटा वाटतो. नियमापेक्षा तत्त्व अधिक कडक असते. नियम मोडला नाही म्हणजे माणूस सुटतो. तत्त्वात, शब्दाने खोटे न बोलताही त्याला सुटका नाही. कोणाला काय पीडा झाली ते त्याने शेवटपर्यंत पाहिले पाहिजे. मी 'बारावी' म्हणालो हे शब्दाने खोटेही नव्हते, मी बारावी झालेलो होतोच. 'आर्ट्स' हा एकच शब्द खोटा. पण तत्त्वाच्या दृष्टीने माझा दोष त्या एका शब्दात नव्हता. जो मुलगा हेल्परखेरीज दुसरे काही होऊ शकत नव्हता, त्याची जागा मी घेतली, ही त्यातली खरी गोष्ट. ती चौथ्या शीलापेक्षा दुसऱ्याच्या अधिक जवळ आहे. जे आपणास दिलेले नाही ते घेणे.

आणि अनुभवाच्या खोट्या दाखल्याचेही तेच आहे. आपण समजतो की आपण कारखान्याला फसवीत आहोत. कारखान्याचे काही जात नाही. त्याला केमिस्ट मिळतो, तो महिनाभरात शिकतो. जाते ते बाकावर शेजारी बसलेल्या उमेदवाराचे, ज्याने दाखला आणला नाही किंवा ज्याला तो विकत घेता आला नाही. तो बहुतेक वेळा आपल्यासारखाच असतो. ज्याचा मामा आत आहे तो त्या बाकावर बसतच नाही.

एवढे म्हणून थांबलो तर मात्र मी लबाड ठरेन. मला पगार आहे. महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्याने बेकाराला शील शिकविणे फार सोपे असते. दीघनिकायात चक्कवत्तिसीहनाद सुत्त आहे. त्यात राजा रक्षण करतो पण निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी. राजा चोराला मृत्युदंड देतो, त्यावरून लोक शस्त्रे घेतात, हत्या होतात. आणि मग पकडलेला चोर राजापुढे प्रथमच म्हणतो की मी चोरी केली नाही. म्हणजे माणसांत असत्य उपजले ते कोठून, याचा माग त्या सुत्ताने न देण्यापर्यंत नेला आहे. खोटे हे साखळीचे शेवटून एक कडे आहे. पहिले कडे ज्याच्या हातात होते त्याने शेवटचे कडे धरणाऱ्याला दोष द्यावा आणि आपण नामानिराळे राहावे, हे त्या सुत्तात बसत नाही. कूटदंत सुत्तातही राजाला सल्ला दिला आहे तो शिक्षेचा नव्हे, तर शेतकऱ्याला बी, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन देण्याचा.

तेव्हा माझ्यापुढचा प्रश्न दाखला द्यावा की न द्यावा एवढा राहिला नाही. माझ्या हातात देण्यासारखे काय आहे, असा झाला. माझ्या हातात आहे एक शाळेची प्रयोगशाळा, तीही बेताची.

तिसऱ्या रविवारी मी तिला सांगितले की एक वर्षाचे पत्र मी देणार नाही. कारण सांगितले, माझी हेल्परची गोष्टही सांगितली, जी मी त्यापूर्वी घरातसुद्धा पुरती सांगितलेली नव्हती. आणि म्हणालो, शनिवारी शाळेत ये. नववी-दहावीच्या मुलांचे प्रयोग असतात. द्रावणे तयार कर, त्यांची तीव्रता तपास, रसायनांची साठा नोंदवही लिही. जेवढे करशील तेवढे मी लिहून देईन, तारखांसह. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली; पैसे मात्र शाळेकडे नव्हते. बिनपगारी काम करवून घेणे हेही मनाला बरे वाटेना, सिगालोवाद सुत्तात मालकाने सेवकाला अन्न आणि वेतन द्यावे असे आहे. एस.टी.चे भाडे मी खिशातून दिले. पहिल्यांदा तिने घेतले, नंतर घेतले नाही. दुसरे एक काम केले. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा २०१४ साली सुधारल्यापासून अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही शिकाऊ म्हणून घेता येते आणि त्यांना विद्यावेतन द्यावे लागते, हे आमच्या वाडीत कोणालाच माहीत नव्हते, मलाही उशिराच कळले. विहारात त्याचा कागद लावला. चार मुलांनी नावे नोंदविली आहेत. त्यांपैकी अजून कोणाला बोलावणे आलेले नाही.

ती अकरा शनिवार आली. मी पत्र दिले. त्यात अकरा शनिवार असेच लिहिले, तीन महिने असे लिहिले नाही. तिने ते दोनदा वाचले.

गेल्या रविवारी वंदनेनंतर ती पुन्हा थांबली होती. मंगळवारी एका कारखान्यात मुलाखत आहे म्हणाली. "सर, तुमचं पत्र फायलीत आहे. बाहेरून आणलेलं दुसरंही आहे, दोन वर्षांचं. कुठलं पुढं करायचं ते ठरलं नाही."

मी विचारले, जागेसाठी किती जणांना बोलावले आहे?

"सहा," ती म्हणाली. "एक आपल्याच वाडीची आहे."